संस्थेची साडी मी कापली

"अहो, हे जाकीट कुठून घेतलंत? पुण्याचं दिसतंय."

पाठीमागून आवाज आला आणि माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकली. कापड चाचपणारी बोटं. मी वळले. समोर वहिनीसाहेब, म्हणजे आमच्या शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी. माझा चेहरा दिसला तशी बोटं झटकन मागे गेली.

"तू व्हय!"

केस मी खांद्यापर्यंत कापले होते, म्हणून पाठीवरून ओळखू आले नाही. तेवढ्यापुरती मी 'अहो' होते.

"पुण्याचं न्हाई वहिनीसाहेब," मी म्हटलं. "तुमीच दिवाळीला दिलेली इरकल हाय. शिवून घेतली."

मला खरंच वाटलं होतं की त्यांना बरं वाटेल. सत्तेचाळिसाव्या वर्षीही मी इतकी भाबडी होते.

"आमची साडी कापलीस?" हॉलमध्ये खुर्च्या लावणारी माणसं थांबली. "नेसायला दिली हुती, फाडायला न्हवं. तुमच्यातल्या बायकास्नी कितीबी द्या, किंमत म्हणून न्हाई. जा, घरला जाऊन साडी नेसून ये. असल्या अवतारात स्टेजवर न्हाई चढायचं."

संस्थेचा वर्धापनदिन होता. नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्या दिवशी माझा सत्कार व्हायचा होता. सत्काराला काय, तर साडी आणि नारळ.

'तुमच्यातल्या' या शब्दाचा अर्थ आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. आम्ही बौद्ध. माझी आई यांच्याच भाऊबंदांच्या उसात भांगलायला जायची. तिला दिवाळीला पाटलिणीची जुनेरी साडी मिळायची, आणि ती दोन्ही हातांनी घ्यायची. पण जयंतीला ती स्वतःच्या मजुरीतून घेतलेली पांढरी साडी नेसायची. वर्षातून तो एकच दिवस आई मला उंच वाटायची.

मी शिकले. पलूसजवळच्या या कॉलेजात शिपाई म्हणून लागले. वाटलं, जुनेरं सुटलं. सुटलं कुठलं! दर दिवाळीला संस्थेत साड्या वाटतात. रांगा दोन. प्राध्यापक बायकांना खोक्यातली चकचकीत साडी. आम्हा शिपाई बायकांना पिशवीतली इरकल, गडद अंगाची, लाल पदराची. वहिनीसाहेब दरवर्षी तेच म्हणायच्या, "तुमाला हीच बरी. कामाला टिकती, मळ दिसत न्हाई." आणि वर्धापनदिनाला तीच साडी नेसून यायचं. म्हणजे पाहुण्यांना लांबूनच कळावं, चहा कुणाकडे मागायचा ते.

नोकरी करत मी मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली आणि क्लार्क झाले. टेबल मिळालं, खुर्ची मिळाली. साडीची रांग मात्र तीच. एकदा हेडक्लार्कना विचारलं. ते हसून म्हणाले, "साडीत काय ठेवलंय मॅडम?" साडीत काही ठेवलं नव्हतं तर रांगा दोन कशाला, हे माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं. अशी किती वाक्यं मी गिळली असतील.

नवरा लवकर गेला. मुलीचं शिक्षण, घराचा हप्ता यात स्वतःसाठी कापड घेणं म्हणजे चैन. त्यामुळे घरात संस्था, बाजारात संस्था, लग्नाकार्यात संस्था. कपाट उघडलं की इरकलींची थप्पी. तासगावला भाचीच्या लग्नात एक अनोळखी बाई माझ्या पदराकडे बघून म्हणाली, "पलूसच्या त्या कॉलेजात शिपाई हायसा न्हवं? आमची जाऊ बी तितंच हाय. सेम साडी."

मी क्लार्क आहे, असं मी तिला सांगितलं नाही. आमच्या कॉलेजातली मालनमावशी शिपाई आहे आणि माझ्यापेक्षा जास्त राबते, त्यात कमीपणा कसला? मला खुपलं ते वेगळंच. या बाईला माझं नाव माहीत नव्हतं, पण माझा मालक माहीत होता. जनावराच्या पाठीवर डाग देतात ना, तसा माझ्या पाठीवर लाल पदर होता.

मुलगी पुण्यात नोकरी करते. लग्नाचे फोटो बघून ती फोनवर म्हणाली, "आई, यात तू कुठेच नाहीस गं. नुसती संस्था आहे."

लय लागलं ते. दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. मग एका रविवारी कपाट रिकामं केलं आणि पलंगावर सगळं मांडलं. वय झालं होतं. पाळी जायच्या मार्गावर, अंगातून एकदम वाफा निघायच्या, पोट सुटलेलं, जुने ब्लाऊज दंडात रुतायचे. आणि मला जाणवलं की हे कापड सुती आहे. हात फिरवला तर गार. प्राध्यापिकांच्या चकचकीत साड्यांचे धागे केव्हाच निघाले होते. माझ्या इरकली तशाच. आम्हाला हलकं म्हणून जे दिलं, तेच आता सांगलीतल्या मोठ्या दुकानांत बाहुल्यांच्या अंगावर दिमाखात उभं होतं. मला हसूच आलं.

पलूसला स्टँडच्या मागे शबानाभाभी कपडे शिवते. तिच्यापुढे थप्पी ठेवली. म्हटलं, लांब जाकीट करा, बिनबाह्यांचं, लाल पदर सगळा पाठीवर येऊ दे. दुसऱ्या दोन साड्यांचे सरळ कुडते, गुडघ्याखाली, खिसा पाहिजेच. काठ वाया घालवू नका, बाहीला लावा. भाभीनं खडूनं रेघ ओढली, कात्री हातात घेतली आणि थांबली.

"एकदा कापलं की परत साडी न्हाई व्हायची, ताई. बघा."

दुसऱ्यानं दिलेल्या कापडाला आमच्या घरात कुणी कधी कात्री लावली नव्हती. विरेपर्यंत नेसायचं, मग गोधडी.

"कापा," मी म्हटलं.

कात्रीचा तो आवाज मला अजून आठवतो.

सांगलीतून साधी काळी पँट घेतली, एकच, सगळ्यांवर चालेल अशी. टाचेचे सँडल सोडून सपाट काळे बूट घेतले. चष्म्याची फ्रेम बदलली. खर्च म्हणाल तर एका बऱ्या साडीइतका. आरशासमोर उभी राहिले. लाल पदर पाठीवर तोच, पण आता तो डाग वाटेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगावर मी ठरवलेलं काहीतरी होतं. मी चांगली दिसत होते. हे सांगतानाही जीभ अडखळते, इतकी आम्हाला ते म्हणायची सवय नाही. पण दिसत होते.

तेच घालून मी सत्काराला गेले होते.

वहिनीसाहेब बोलून पुढे निघून गेल्या. मी संडासात जाऊन रडले. खोटं कशाला सांगू, लाजेनंच रडले आधी. मग लाज संपली आणि संताप उरला. तोंड धुतलं आणि गेटपर्यंत गेले. घर जवळ होतं. जाऊन साडी गुंडाळून आले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? नारळ मिळाला असता, फोटो निघाला असता. पुण्याहून मुलगी खास त्यासाठी आली होती.

गेटवर मला आई आठवली. उंच दिसणारी, पांढऱ्या साडीतली. मी परत फिरले आणि हॉलमध्ये पहिल्या ओळीत, सत्कारमूर्तींच्या खुर्चीवर जाऊन बसले.

हेडक्लार्क वाकून कानाशी आले. "आवं मॅडम, कशाला वाढवताय? जावा की, साडी बदलून या. पाच मिन्टाचं काम."

"माझ्याकडं साडी न्हाई."

"कपाटभर असतील की!"

"त्या संस्थेच्या हायत. माझी एक बी न्हाई."

ते स्टेजकडे निघून गेले. कार्यक्रम झाला. एकेकाचं नाव पुकारलं गेलं. माझं नाव आलंच नाही. मागे बसलेली मुलगी उठून उभी राहिलेली दिसली. मी हातानंच तिला बस म्हणून खुणावलं. तिला वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते. मला तिथून हलायचं नव्हतं. राष्ट्रगीताला उभी राहिले, तेव्हा स्टेजवरून वहिनीसाहेबांना मी समोरच दिसत होते.

दिवाळी आली. पुन्हा दोन रांगा. दुसऱ्या रांगेत माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले, हात मात्र पुढे केला नाही.

"मला नको, वहिनीसाहेब."

"आजून रुसलीयस व्हय?"

"रुसायला तुमी माझ्या माहेरच्या न्हाई. मी हितं काम करती, पगार घेती. कापड माझं मी बघीन."

दिवाळीनंतर मला ऑफिसातून उचललं आणि रेकॉर्ड रूमला बसवलं. खिडकी नाही, धूळ लय. रोज इरकलीचाच कुडता घालून जाते. मळ दिसत नाही त्यावर, वहिनीसाहेबांचंच म्हणणं.

कुणी म्हणतं, एवढा ताठा आहे तर त्यांनी दिलेलं घालतेस कशाला? त्यांनी दिलेलं? या इमारतीतल्या फरश्या मी पुसल्यात. ते कापड मी कमावलेलं आहे. फक्त कमावलेली वस्तू भीक म्हणून हातावर ठेवायची त्यांची रीत होती, आणि ती तशी घ्यायची माझी. माझी रीत मी मोडली.

परवा मालनमावशी रेकॉर्ड रूममध्ये आली. इकडेतिकडे बघत पदराखालून दोन इरकली काढल्या.

"शबानाकडं टाकशील का गं? निसतं जाकीट सांग. पँट नको बाई मला."

"मावशी, पँट पण शोभंल."

"गप गं," म्हणाली, पण साड्या ठेवून गेली.

वर्धापनदिन पुन्हा येतोय. साडीची सक्ती आहे, असं या वेळी मुद्दाम तोंडी कळवलंय सगळ्यांना, कागदावर काही नाही. मावशी जाकीट घालून येईल की नाही, मला माहीत नाही. तिची निवृत्ती जवळ आहे, मी तिला आग्रह करणार नाही. मी मात्र जाणार. तेच जाकीट, लाल पदर पाठीवर. पहिली ओळ, तीच खुर्ची.

उठवून दाखवा.