कशालाताईंची तिजोरी

आमच्या घाटकोपरच्या इमारतीत अशी एक बाई होऊन गेली, जिने तीन प्रश्न विचारल्याशिवाय कुणालाही कोणतीही वस्तू दिली नाही. कशाला हवी? किती वेळासाठी? कोणी सांगितले? गच्चीची किल्ली मागणाऱ्या सेक्रेटरीलाही हेच प्रश्न आणि मिक्सर मागायला आलेल्या शेजारणीलाही हेच. सुरुवातीस लोकांना राग येई, पुढे सवय झाली आणि शेवटी नावच पडले, कशालाताई. पोरे जिन्यातूनच ओरडत, "कशालाताई, पंखा पुसायला, अर्ध्या तासासाठी, आईने सांगितलंय, शिडी द्या!" त्या हसू दाबत शिडी बाहेर काढत. अर्ध्या तासात शिडी परत आली नाही, तर स्वतः जाऊन घेऊन येत. मग पंख्याचे एक पाते पुसायचे राहिले असले तरी.

हा स्वभाव त्यांना वडिलांकडून आला होता. वडील बुलढाण्याकडून मुंबईत आलेले आणि पाणीखात्यात चावीवाले, म्हणजे रस्त्यावरचे झाकण उघडून, लांब लोखंडी चावी फिरवून वस्तीला पाणी सोडणारे. "आमच्या बाबांनी ती चावी नगरसेवकाच्या माणसालाही हातात धरू दिली नाही," असे ताई सांगत. "दहा मिनिटं पाणी जास्त सोड म्हणून लोक पाया पडायचे, शिव्या द्यायचे. बाबा म्हणायचे, इथे जास्त सोडलं की पुढच्या गल्लीत कमी जातं. चावी माझ्या हातात आहे म्हणून पाणी माझं नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवीन.

माझ्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण पुढच्या प्रकरणात माझा हात आहे. मी मुलुंडला एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून अर्ज लिहितो. शाळा दहावीच्या आधीच सुटली. परंतु सरकारशी ज्या भाषेत बोलावे लागते ती भाषा मला अवगत आहे, आणि मोठमोठे पदवीधर माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून "तुम्हीच लिहा भाऊ" म्हणतात, हा माझा रोजचा अनुभव आहे. ताईंचे काम काय आहे, हे इमारतीत प्रथम मलाच नीट समजले. बाकीचे "कॉम्प्युटरमध्ये आहेत" एवढ्यावर थांबले होते.

पती गेल्यानंतर त्यांनी एका मुलाला पदरी घेऊन संगणकाचा डिप्लोमा केला आणि पवईत मुख्य कार्यालय असलेल्या, रक्त-लघवी तपासणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. तेव्हा कंपनीच्या मोजक्याच प्रयोगशाळा होत्या. प्रत्येक प्रयोगशाळेत यंत्रे आणि प्रत्येक यंत्राला एक सर्वाधिकारी पासवर्ड. तो ज्याच्या हाती, तो रुग्णाचा रिपोर्ट पाहू शकतो, बदलू शकतो, पुसूही शकतो. हे पासवर्ड पूर्वी चिठ्ठ्यांवर लिहून मॉनिटरला चिकटवलेले असत. ताईंनी मालकांच्या मागे लागून एक सॉफ्टवेअर आणवले, त्याला त्या 'तिजोरी' म्हणत. सगळे पासवर्ड तिजोरीत. इंजिनिअरला काम निघाले की त्याने विनंती टाकायची, ताईंनी मंजूर करायची, ठरलेल्या वेळेपुरते यंत्र उघडायचे, त्याने काय केले त्याची नोंद व्हायची, आणि वेळ संपताच पासवर्ड आपोआप बदलायचा. विनंतीच्या पानावर तीनच रकाने होते. कोणते, ते वाचकांना सांगायला नको.

ती पहिली वर्षे त्यांच्या सुखाची होती. सासूबाईंना त्या हे काम समजावून सांगत तेव्हा मी तिथे चहाला होतो. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तू किल्ल्या सांभाळतेस, एवढंच ना गं? मग एसीत कशाला बसावं लागतं?" ताई इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला.

पुढे कंपनी वाढली. कशी वाढली, ते मी विशेषणे न लावता सांगतो. उपनगरांत वाढली, मग नाशिक-नागपूरकडे, मग राज्याबाहेर. दर शाखेबरोबर यंत्रे वाढली आणि यंत्रांबरोबर विनंत्या. तिजोरी मात्र तीच राहिली, एकाच जुन्या सर्व्हरवर, आणि मंजुरी देणारे माणूसही एकच राहिले. सॉफ्टवेअरचा परवाना यंत्रांच्या संख्येवर, म्हणून मालकांनी अर्ध्या नव्या शाखा तिजोरीबाहेरच ठेवल्या. नोंदींनी सर्व्हर भरून जाई आणि तिजोरी उघडायलाच वेळ लागे. नागपूरचा इंजिनिअर बंद यंत्रासमोर हात बांधून बसे, त्याच्या मागे उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या लोकांची रांग, आणि इकडे ताई भाजी चिरता चिरता फोनवर मंजुऱ्या देत. लग्नात, मयतीत, दवाखान्यात त्यांचा फोन वाजे. तरी रकाने भरल्याशिवाय मंजुरी नाही. इंजिनिअर मागून शिव्या घालत, आणि काही जण समोरूनही. "मॅडम, यार, मशीन बंद आहे, तुम्ही कारण काय विचारता?" ताई म्हणत, "बंद आहे हेच लिही ना रे. लिहायला तेवढाच वेळ लागतो."

यावर उपाय त्यांना ठाऊक होता. दर विभागाला मंजुरी देणारा वेगळा माणूस नेमा, रोजची साधी कामे नियम लावून थोड्या वेळापुरती आपोआप उघडू द्या, अवघड कामेच माणसापुढे येऊ द्या, आणि तिजोरीचा दुसरा सर्व्हर दुसऱ्या गावी ठेवा. हे त्यांनी मालकांना पुन्हा पुन्हा सांगितले. एकदा तर म्हणाल्या, "साहेब, चाळ पाडून टॉवर बांधला आणि चावीवाला तोच एक ठेवला, तर वरच्या मजल्याला पाणी कसं चढेल?" मालक हसून म्हणाले, "तुमचं उदाहरण झकास आहे. आधी वाढू द्या, मग बघू." वाढ करणाऱ्याला टाळ्या मिळतात; वाढलेले सांभाळणाऱ्याला 'अडथळा' म्हणतात. कंपनीच्या एका बैठकीत हाच शब्द त्यांच्या तोंडावर वापरला गेला.

तिजोरीला एक संकटकाळचा दरवाजा होता. सगळेच बंद पडले तर वापरायचे एक खाते. त्याला मंजुरी लागत नसे आणि वेळेची मर्यादाही नसे. आमच्या इमारतीतल्या आग विझवायच्या पाइपाच्या पेटीसारखेच ते. आग लागेल तेव्हाच काच फोडायची. पण आमच्याकडे काच केव्हाच फुटली आहे आणि त्या पाइपाने लोक रविवारी गाड्या धुतात. ताई आठ दिवस तापाने अंथरुणावर होत्या, तेव्हा कंपनीच्या कामकाजप्रमुखाने ते खाते सर्व शाखांना देऊन टाकले. त्या परतल्या तेव्हा विनंत्या येणेच थांबले होते. "किती शांत झालंय बघा सगळं," तो प्रमुख त्यांना म्हणाला. ताईंनी खाते बंद करण्याचा आग्रह धरला. "बंद केलंत तर वाट लागेल आपली," असे उत्तर मिळाले, आणि खाते बंद करण्याचा त्यांचा अधिकारच काढून घेतला गेला.

मग व्हायचे ते झाले. रुग्णांना औषधवाल्यांचे फोन येऊ लागले. आजाराचे नाव घेऊन, रिपोर्टातला आकडा सांगून फोन. एका नव्या नवरीचा आजार असा फोनवरून तिच्या सासरी कळला आणि ती माहेरी परत आली. गावोगावच्या शेकडो हातांनी एकाच नावाने दार उघडले होते. चोर कोण, हे देवालाही सांगता आले नसते. बोभाटा झाला तेव्हा मालकांना एक नाव हवे होते, आणि तिजोरीवर एकच नाव होते. 'कर्तव्यात गैरवर्तन' असे लिहून कशालाताईंना काढून टाकण्यात आले. जो धंदाच विश्वासाचा, त्यात या दोन शब्दांनंतर त्यांना दारातही कोणी उभे करीना.

त्या माझ्याकडे आल्या. घरी नव्हे, रीतसर मुलुंडला, टेबलासमोर, स्टुलावर. म्हणाल्या, "भाऊ, नोकरी परत नको. ते दोन शब्द काढून द्या, बस्स." मी कामगार कार्यालयासाठी असा अर्ज लिहिला, की वाचणाऱ्याचे डोळे भरून यावेत. त्यांनी पेन घेतले आणि काट मारीत सुटल्या. "मालकांनी कट रचला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" "अहो ताई, दिसतंच आहे." "दिसतंय म्हणजे माहीत नाही. काढा." माझा उत्तम परिच्छेद गेला. जे उरले ते सुके होते, आणि खरे होते. खरे सुके असले की कार्यालये त्याला दुबळे समजतात, हा माझा अनुभव मी त्यांना सांगितला. त्यांनी ऐकले नाही.

याच सुमारास कंपनीला आपली एक चूक समजली. तिजोरीचा जुना सर्व्हर एका सकाळी कोसळला. तिजोरी पुन्हा उघडायला पासवर्ड म्हणून एक लांब वाक्य लागत असे; त्याचे अर्धे मालकांकडे, अर्धे ताईंकडे, आणि नियमाप्रमाणे ते कुठेही लिहून ठेवलेले नव्हते. बाईला काढताना मालकांनी तिचे ओळखपत्र घेतले, लॅपटॉप घेतला, डब्याची पिशवीसुद्धा तपासली. वाक्याचे अर्धे मागून घ्यायचे कुणाच्या डोक्यात आले नाही. सगळ्या शाखांतले रिपोर्ट अडकले. कामकाजप्रमुखाचा फोन आला तेव्हा मी ताईंच्या समोर बसलो होतो. मी खुणेने आणि मग तोंडाने सांगितले, "आधी लेखी घ्या! गैरवर्तन हा शब्द काढला असं पत्र आणा म्हणावं, मग बोलू." त्यांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, उद्या कुणाचं ऑपरेशन असेल. माझं भांडण त्या पेशंटशी आहे का?" आणि आयुष्यात पहिल्यांदा तिन्हींपैकी एकही प्रश्न न विचारता त्या रिक्षात बसून पवईला गेल्या. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट सुरू झाले. प्रमुखाने लिफ्टपर्यंत येऊन हात जोडले आणि "पत्राचं बघतो" म्हणाला.

पत्र आले नाही. सुनावणीला आला तो कंपनीचा वकील, आणि त्याने काढलेला मुद्दा मी अजून विसरलो नाही. तो म्हणाला, ही बाई कामगारच नव्हे, तेव्हा या कार्यालयात तिची तक्रार चालूच शकत नाही. कंपनीतला सर्वांत वरचा अधिकार हिच्या हाती होता. इतका, की काढून टाकल्यावरही हिच्यावाचून कंपनीचे पान हलले नाही. त्या दिवशी हिलाच बोलवावे लागले. असे माणूस व्यवस्थापनातलेच म्हटले पाहिजे.

अधिकाऱ्यांनी ताईंना विचारले, "सर्वोच्च अधिकार तुमच्याकडे होता, हे खरं?"

"होता."

"रजा मंजूर करायचा?"

"नाही साहेब. मला माझीच रजा मिळत नव्हती."

"माणूस नेमायचा?"

"एक माणूस द्या म्हणून मीच मागत होते."

वकील मध्येच म्हणाला, "पण सगळी दारं तुम्हीच उघडत होता ना, मॅडम?" ताई म्हणाल्या, "उघडत होते. आत कधी गेले नाही." अधिकाऱ्यांनी मुद्दा महत्त्वाचा असल्याचे सांगून पुढची तारीख दिली. मग आणखी पुढची. ताई प्रत्येक तारखेला वेळेआधी येऊन बाकावर बसत. कंपनीने त्या काळात मुंबईभर नव्या शाखा उघडल्या. एक आमच्या नाक्यावरही उघडली. तिच्या उद्घाटनाचे पेढे इमारतीत वाटले गेले, आणि मला सांगायला शरम वाटते की लोकांनी ते खाल्ले.

मुद्दा निकाली निघण्यापूर्वीच ताई गेल्या. हृदयाचा झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंतही थांबल्या नाहीत. बुद्धवंदनेला सगळी इमारत जमली होती. ज्यांनी त्यांना जन्मभर हसून 'कशाला' म्हटले, ते रडत होते. कंपनीकडून कोणी आले नाही.

तक्रारदार मरण पावला तरी तक्रार मरत नाही. वारसाने अर्ज केला तर ती पुढे चालते. याची वकिलांनाही आठवण करून द्यावी लागते, मला नाही. मी पंधरा दिवसांच्या आतच अर्ज लिहिला. या वेळी एकही विशेषण घातले नाही, त्या असत्या तर काट मारायला त्यांना जागा सापडली नसती. तो घेऊन त्यांच्या मुलाकडे गेलो. मुलगा गुणी आहे, आईचेच काम शिकला आहे. पवईतच एका बड्या विदेशी कंपनीच्या तिजोरीवर असतो. तिथे मंजुरी देणारी माणसे पुरेशी आहेत, सर्व्हर तीन गावांत आहेत, आणि तो म्हणतो, तिथे सगळे अगदी आईच्या पद्धतीने चालते.

त्याने अर्ज दोनदा वाचला आणि माझ्या हातात परत दिला. "राहू द्या ना काका. आमच्याकडे दर वर्षी कसून चौकशी होते. घरातल्या माणसावर गैरवर्तनाची केस आहे असं कुणी बोललं, तर मला तिजोरीवर ठेवतील का?"

"अरे, पण ती केस तिने लावली आहे. तो शब्द खोडायला."

"समजतं मला. त्यांना समजावत कोण बसणार?"

मी त्याच्यावर रागावलो आणि वाटेल ते बोललो. तो खाली मान घालून ऐकत राहिला. उलट बोलला असता तर मला बरे वाटले असते. मुदत टळली. कार्यालयाने प्रकरण बंद केले. ताईंच्या नावापुढे ते दोन शब्द आजही तसेच आहेत, आणि ते खोडण्यासाठी भांडण्याचा हक्क जगात ज्या एकाच माणसाला होता, तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याकडे न पाहता, पवईला कामावर जातो.