खरखर माझ्याच घरात होती

हॅम रेडिओवाल्या मित्रांनो, आज मला चार शब्द सुनावा. हक्क आहे तुम्हाला.

सकाळपासून रेडिओवर नुसती खरखर चालली होती. कंधारच्या मित्राचा आवाजसुद्धा कळेना. शेजारच्या शांताकाकूंच्या बोअरची मोटर सुरू होती, म्हणून मी संशय तिच्यावरच घेतला. भिंतीवरून म्हणालो, "काकू, जरा मोटर बंद करता का?"

अहमदपुरात सध्या पाण्याची काय बोंब आहे, माहीत आहे ना? अख्खी गल्ली त्या बोअरवर घागरी भरून राहिली. तरी काकूंनी मोटर बंद केली. बायका ताटकळत उभ्या राहिल्या.

खरखर तशीच!

मग आपला पहिला नियम आठवला. आधी स्वतःच्या घराचा मेन स्विच पाडून रेडिओ बॅटरीवर लावायचा. लावला, तर खरखर गायब. मेन परत लावून एकेक प्लग काढत गेलो, तर माझ्याच मोबाईलचा स्वस्तातला चार्जर निघाला.

"काकू, करा चालू!" म्हणत धावलो. मोटर सुरूच होईना. तेवढ्यात अख्ख्या गल्लीची लाईट गेली होती. बायका रिकाम्या घागरी घेऊन परतल्या.

काकूंनी विचारलं, "लागला का बाबा तुझा रेडिओ? कामाचं असंल काहीतरी."

मी "हाव" म्हणालो.

लाईट अजून आली नाही. बॅटरीवर कंधारचा मित्र मला एकदम साफ आवाजात हाका मारतोय. कोणत्या तोंडानं बोलू?