गुरुजींच्या निरोपाची फळं

माझ्यासारख्याने लेख लिहायला बसावं हे मला स्वतःलाच धिटाईचं वाटतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी हातात लेखणी धरलेली नाही. वडील अजून अंगठाच उठवतात. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण गेल्या थंडीत जे झालं त्याचं ओझं बरेच दिवस मनावर होतं, ते उतरलं आहे, म्हणून लिहितो.

भोसरी आणि चाकणच्या मधे, नाशिक रस्त्याला लागून आमचं गाव. तिथल्या शाळेचे गुरुजी निवृत्त होऊन आपल्या गावी, खेडच्या पुढे, जायला निघाले होते. मला पुण्याला कॉलेजात पाठवावं म्हणून हेच गुरुजी वर्षभर वडिलांच्या मागे लागले होते. वडील म्हणायचे, "गुरुजी, पोरगं पुस्तक वाचील, पण नांगर कोण धरील?" गुरुजी म्हणायचे, "मी धरतो. चला, दाखवा कुठाय नांगर." शेवटी वडीलच हसले आणि मी कॉलेजात गेलो.

निरोपाला गावजेवण द्यायचं ठरलं. कुणी जिलबी म्हणालं, कुणी बुंदी. पण गुरुजींना पोटाचं दुखणं. डॉक्टरांनी तळलेलं, तेलकट, गोड सगळं बंद केलेलं. तालमीतले एक काका म्हणाले, "गुरुजी नुसतं पाणी पिऊन बसनार आन आपन जिलब्या हाननार. बरं दिसतंय का?" तेव्हा मी भीत भीत म्हणालो, "फळं करू. ताजी, चिरून, सगळी एकत्र." शिजवलेलं म्हटलं की कुणी कुणाच्या हातचं खायचं हा प्रश्न आमच्या गावात अजून निघतो. फळांना तो नाही. सगळ्यांना पटलं, आणि काम माझ्याच गळ्यात पडलं.

आदल्या दिवशी पुण्याच्या मंडईतून पेरू, संत्री, पपया, केळी, डाळिंबं घेतली आणि एस.टी.च्या टपावर टाकून गावी आणली. शंभरएक माणसं होती. आई म्हणाली, "पाटीत केळीची पानं घाल आन त्यात चिरून ठेव. सोपं हाय." पण मी नुकतंच आरोग्यावर एक पुस्तक वाचलं होतं. मी म्हणालो, "पाटीवर माश्या बसतात. झाकणाचं भांडं पाहिजे." देवळातलं भंडाऱ्याचं मोठं पितळी पातेलं मागून आणलं. आतून ते मळकट, करडं दिसत होतं. आयुष्यात कधी भांडं घासलं नव्हतं, पण त्या दिवशी राख आणि विटेची पूड घेऊन एकटा विहिरीवर बसलो आणि आतला करडेपणा पार काढला. सोन्यासारखं पिवळं झालं. मला फार समाधान वाटलं.

सकाळी आई आणि शेजारच्या बायका विळ्यांवर फळं चिरून घमेल्यांत देत होत्या आणि मी ती देवळाच्या ओवरीत नेऊन पातेल्यात ओतत होतो. केळी काळी पडू नयेत म्हणून वरून पंधरावीस लिंबं पिळली. पादेलोण घातलं. झाकण लावलं. वर ओलं फडकंही टाकलं.

भाषणं लांबली. गुरुजींची चाकणकडची एस.टी. बाराची. म्हणून त्यांना आधी वाढलं. त्यांनी एक द्रोण संपवला, दुसरा मागून घेतला. म्हणाले, "पादेलोण आहे वाटतं. वेगळीच चव लागते." मी मान डोलावली. गाडी आली, सगळे फाट्यापर्यंत गेले, बायकांनी डोळे पुसले.

परत येऊन पंगत बसली. कल्हईवाले चाचा पहिल्या रांगेत होते. त्यांची तिन्ही मुलं गुरुजींच्या हाताखाली शिकली. त्यांनी एक फोड तोंडात घातली आणि लगेच बाजूला थुंकली. "थांबा! कुनी तोंडाला लावू नका." उठून ते पातेल्यापाशी गेले, हाताने फळं बाजूला सारली. तळाशी हिरवट पाणी साचलं होतं.

"ह्ये कुनी घासलं?"

"मी," मी म्हणालो.

"आतनं पिवळं केलंस व्हय? आरं, त्यो मळ नव्हता, माजी कल्हई हुती ती! आधीच झिजल्याली, ऱ्हायल्याली तू खरवडलीस. वर लिंबू! उघड्या पितळंला आंबट लागून समदं कळकलं, इख झालं की रं. कालेजात ह्ये शिकवत न्हाईत व्हय?"

कुणीतरी हसलं. आई आली, तिने पातेल्यात पाहिलं आणि फावडं आणायला गेली. फळं खड्डा खणून पुरली, लोकांनी घरोघरी जाऊन भाकरी खाल्ली. पण माझ्या डोक्यात एकच होतं: दुखऱ्या पोटाच्या माणसाला आपण दोन द्रोण कळकलेलं खाऊ घातलं, आणि तो माणूस आता गाडीत आहे.

चाचा संध्याकाळी घरी आले. म्हणाले, "त्येंनी वरवरचं खाल्लंय. इख उतरतं तळाला. काळजी करू नगंस." पण जाताना वडिलांना हळूच म्हणाले, "तरी कागद टाका एक." ते मी ऐकलं.

त्याच दिवशी कार्ड टाकलं. सगळं खरं लिहिलं, काही लपवलं नाही. मग पुण्याला वसतिगृहात परतलो. रोज टपालाच्या वेळी फाटकाशी उभा राहायचो. दहा दिवस काही आलं नाही. वर्गात सर बोलायचे ते कानावर पडायचं, आत जायचं नाही. चाचांनी पातेल्याला नवी कल्हई केल्याचं कळलं, त्यानेही बरं वाटलं नाही. खेडला जाऊन यावं असं दोनदा ठरवलं आणि दोनदा मागे फिरलो. काय ऐकायला मिळेल याची भीती होती.

अकराव्या दिवशी कार्ड आलं. ओळखीचं वळणदार अक्षर पाहिलं आणि मी पायरीवरच बसलो. जो हातानं लिहितो तो माणूस जिवंत आहे, एवढंच आधी सुचलं. मग वाचलं:

"चिरंजीवास अनेक आशीर्वाद. मुलीकडे गेलो होतो, म्हणून उत्तरास उशीर. चाकणला उतरून एकदा ओकारी झाली. हॉटेलवाल्याने गरम पाणी दिले, पुढची गाडी धरून घरी आलो. रात्री मऊ भात खाल्ला, झोप लागली. आता प्रकृती ठीक आहे. काल भाकरी खाल्ली. आईस सांगणे, पेरू फार गोड होते."