छपरीतला पंप

मामाच्या घरी फवारणीचा पंप छपरीत खुंटीला टांगलेला असायचा. विकत घेतला मामाने, वापरायची घरांची सगळी ओळ. ज्याला लागेल तो उचलून न्यायचा आणि विहिरीवर धुऊन परत टांगायचा. विचारायची पद्धत नव्हती. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीकडच्या त्या गावात पंप, ताडपत्री आणि शिडी यांना मालक असतो, कुलूप नसतं.

कुलूप आलं ते पेरूमुळे.

छत्तीसगडातल्या मोठ्या बागा पाहून मामाने काही बांध्यांतलं, म्हणजे भातखाचरांतलं, धान बंद करून तिथे पेरू लावला. गावातल्या आणखी काहींनी लावला, त्यांचा गट झाला. नागपूरचा एक व्यापारी त्यांचा माल आखातात पाठवू लागला. तिथे फळाचा आकार आणि चमक पाहत. मग व्यापारी म्हणाला, युरोपात भाव बरा आहे, पण ते लोक फळाआधी शेत पाहतात. पाणी कुठलं, मजुरांना संडास आहे का, औषधं कुठे ठेवता, रिकाम्या बाटल्यांचं काय करता. शाश्वत शेतीचं प्रमाणपत्र लागेल.

"म्हणजे आमचा आजा करत होता तेच ना?" मामाने विचारलं.

"तेच. पण कुलपात," व्यापारी म्हणाला.

रायपूरहून सल्लागार आला. त्याने गोठ्याशेजारच्या खोलीला कडी-कुलूप बसवून घेतलं, दारावर कवटीचं चित्र चिकटवलं आणि पंप आत ठेवला. "ये पंप अब बाहर नहीं जाना चाहिए, दादा. किसी को भी नहीं." किल्ली मामीच्या कमरेला गेली.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी गेले. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो; ते झाल्यावर मामा बसलाही नाही. म्हणाला, "बाई, नमुना फेल झाला."

तोडणीआधी तपासायला नेलेल्या पेरूत धानावरच्या तुडतुड्याचं औषध सापडलं होतं. अंश किरकोळ, पण तिकडच्या नियमात न बसणारा. मामा बागेत निंबोळी अर्काशिवाय काही मारत नव्हता. माल गोंदियाच्या बाजारात गेला. व्यापाऱ्याने निरोप दिला, पुढच्या वर्षी नमुना पुन्हा असा निघाला तर अख्ख्या गटाचं नाव यादीतून जाईल आणि तो छत्तीसगडातल्या बागांचा माल घेईल. त्यानंतर गटातले लोक मामाशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले.

मी वर्तमानपत्रात काम करते. बातमीसाठी करते तेच केलं, एकेकाला विचारत गेले.

व्यापारी फोनवर म्हणाला, तुमच्या मामाने दुसऱ्याचा माल मिसळला असेल. गटातला एकजण म्हणाला, नमुना नागपुरातच बदलला, व्यापाऱ्याला माल भाव पाडून घ्यायचा आहे. सल्लागाराचा आग्रह होता की पुढची तपासणीही त्याच प्रयोगशाळेत करावी. का, असं विचारलं तर "सिस्टम ऐसा ही है," एवढंच उत्तर. त्याच्याबद्दलची माझी शंका अजून गेलेली नाही.

मामाचा संशय शेजाऱ्यावर होता. बाग आणि त्याची बांधी यांच्यात एकच धुरा, म्हणजे मातीचा बांध. "वारा आपल्याकडे असला का तो फवाराले निंगते," मामा म्हणाला.

शेजारी बैलांना पाणी दाखवत होता. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुडतुडा पडला त औषध नाई मारू, अगरबत्ती लावू? तुमच्या मामाचा पेरू विलायतेले जाऊन राहिला, म्हणून आम्ही धान सोडाचं का? पेपरात छापाल त हेही छापा."

एक गोष्ट जुळत नव्हती. पेरू लिंबाएवढा झाला की प्रत्येक फळावर फोमची जाळी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी चढवतात. वाऱ्याने उडालेलं औषध पिशवीवर बसेल. ते सालीपर्यंत पोचलं होतं, म्हणजे पिशवीआधी लागलं असावं. आणि पिशव्या चढवायच्या आदल्या दिवशी सगळी बाग फवारली होती ती मामाने स्वतः.

हे मी छपरीत बसून सांगितलं. मामी सुपात तांदूळ निवडत होती.

"म्हणजे मीच चोर?" मामा म्हणाला.

"पंप गेला होता," मामीने मान वर केली नाही.

"कुठं?"

"धुऱ्यापल्याड. त्याची बाई मांगाले आली. तोंडावर नाई कसं म्हणू? तिच्या घरची शिडी आपल्या बागेत उभी हाये."

"कुलूप कायले लावलं मंग?"

"तुमच्या सायबाले दाखवाले."

पंप धुऊन परत आला होता. मामीने तो होता तिथे ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी मामाने त्यात अर्क भरला होता. सल्लागाराला विचारलं, तर तो म्हणाला, विहिरीवर खळबळून टाकी साफ होत नाही, नळीत आणि नोझलमध्ये औषध राहतंच. आलं असेल तर तिथूनच. 'असेल' हा शब्द त्याचा.

मामाने किल्ली स्वतःकडे घेतली. गटाला काही सांगितलं नाही. बागेसाठी नवा पंप आणून कुलपात ठेवला आणि जुना पुन्हा छपरीत टांगला. त्याच्या हिशेबाने प्रश्न मिटला होता.

पंप कोणी नेला नाही. शेजाऱ्याने येऊन बागेतली शिडी तेवढी उचलून नेली. वाटेत भेटला तेव्हा मी विचारलं. म्हणाला, "तो पंप आता सापळा हाये, बाई. उद्या फळात काही निंगालं त म्हणाल, कोणी नेला होता?"

पुढच्या वर्षी नमुना पास झाला. माल भरायच्या दिवशी मी गावात होते. धान कापून झालं होतं. शेजाऱ्याचंही. फक्त धुऱ्याला लागून असलेली त्याची बांधी उभी होती, तुडतुड्याने गोल गोल जळालेली. बाकीच्या बांध्या त्याने सासुरवाडीहून पंप आणून फवारल्या होत्या.

"ही का सोडली?" मी त्याला विचारलं.

"औषध पुरलं नाई." मग म्हणाला, "छापाल का?"

मी ते मामाला सांगितलं. "नेमकं धुऱ्यापाशी येऊन संपलं? अन् वाया गेलेली बांधी तशीच उभी काऊन ठेवली त्यानं? मले दाखवाले. उद्या भरपाई मांगाले येईल, पाहाशील."

"नाई त पेरूसाठी सोडली असल," मामी म्हणाली.

"त्याले काय पडलं पेरूचं?"

मामी आत गेली. नमुना नव्या पंपामुळे पास झाला की त्या न फवारलेल्या बांधीमुळे, हे मी सल्लागारालाही विचारलं. त्याने दोन्ही शक्य आहे असं सांगितलं; पिशव्या चढण्याआधी वाऱ्यानेही औषध उडून येतं.

ट्रक नागपूरच्या रस्त्याकडे वळला. मामा धुऱ्यावर गेला, शेजाऱ्याच्या उभ्या बांधीतली एक लोंबी तोडली, चिमटीत दाबून पाहिली. दाणा भरला नव्हता. त्याने ती फेकली नाही, खिशात ठेवली.

"कशाला?" मी विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला.