अर्ध्या कोयत्याचा हिस्सा

माझ्या मायला त्यांनी ट्रॅक्टरच्या टायरपाशी खाली बसवलं. कडा गावात, आबांच्या शोरूममध्ये. त्यांच्या-आमच्या भागीदारीतल्या कंपनीची वर्षाची मीटिंग होती. आबांच्या माणसांना खुर्च्या, बँकेच्या साहेबाला सोफा. माय कंपनीची संचालक, कागदावर आबांच्या बरोबरीची. तिला फरशी.

मी म्हणाले, "खुर्ची द्या."

आबा हसले. "अर्ध्या कोयत्याला खुर्ची कशाला लागती? बसू दे की. सवय हाय तिला."

सगळे हसले. बँकेच्या साहेबाला काही कळलं नव्हतं, तोही हसला.

मला कळलं होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एकटी म्हणजे अर्धा. हंगामाआधी मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे, ते नवऱ्याच्या हातात. अंगठाही नवऱ्याचा. त्या अंगठ्यानं बायकोही बांधली जाते. तिला विचारायची रीतच नाही.

आम्ही शिरूर कासारकडचे. मी उसाच्या पाचटात वाढले. एका हंगामात बाप तापानं कोपीत, आमच्या पाचटाच्या झोपडीत, पडून होता आणि माय एकटीच तोडत होती, मोळ्या बांधत होती, डोक्यावरून गाडीत भरत होती. तेव्हा आमचे मुकादम हेच आबा. सगळ्या फडासमोर ते म्हणाले, "अर्धाच कोयता चाललाय. ह्यांचं पाणी बी अर्धं करा." टँकरवाल्यानं आमची घागर खरंच अर्धी भरली. घागर मी धरली होती. माय पुन्हा उसात शिरली. मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणाचं तरी वाईट व्हावं असं वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

पुढं मुकादमाचे आबासाहेब झाले. जमिनी आल्या, पुढारपण आलं, ट्रॅक्टरची डीलरशिप आली. मी कॉमर्स शिकले. ऊसतोड बायकांची संस्था उभी राहिली. माय अध्यक्ष झाली, हिशोब माझ्याकडे आला. आणि एक दिवस आबा आमच्या दारात. त्यांना ट्रॅक्टर घेणाऱ्यांना कर्ज देणारी कंपनी काढायची होती. बायकांची संस्था भागीदार असली की बँक स्वस्तात पैसा देते, म्हणून आमची आठवण झाली. मायला "वहिनी, वहिनी" करत होते. शंभरात सत्तर त्यांचे, तीस आमचे ठरले.

माझा काडीचा विश्वास नव्हता. पण बायका हरखल्या होत्या. मुकादमाच्या बरोबरीनं बसायचं, याचंच त्यांना अप्रूप. मग मी करारात एक अट घालायला लावली. आबांच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचं तर मायची सही हवी. सही नसेल आणि कर्ज बुडालं, तर भरपाई आबांच्या हिश्श्यातून.

"घाल की पोरी, तुला काय घालायचं ते," आबा म्हणाले. त्यांनी वाचलंही नाही.

तीस म्हणजे थोडं वाटतं. पण हिशोबाचा नियम साधा आहे. कंपनीनं नफा वाटला नाही तरी आमच्या तिसांचा वाटा दरवर्षी आमच्या वहीत चढवायचा. तोटा झाला तर तोही आमच्याच वहीत उतरवायचा. पहिली वर्षं आकडा चढत गेला. हातात दमडी आली नव्हती, तरी बायका मला विचारायच्या, "आपलं वाढलं का गं?" मी हो म्हणायचे. तो आकडा म्हणजे त्यांचं म्हातारपण होतं.

आणि आता या मीटिंगमध्ये आबांच्या हिशोबनिसानं कागद पुढं सरकवला. कंपनी तोट्यात. कर्जं बुडाली. आमच्या हिश्श्याची किंमत शून्य लिहा आणि तो आबांना देऊन टाका, वर उपकार म्हणून चिल्लर मिळेल.

डाव उघडा होता. ट्रॅक्टर विकला की शोरूमला पूर्ण किंमत लगेच मिळायची, आमच्या कंपनीकडून. शोरूम एकट्या आबांचं. हप्ते बुडाले की तोटा मात्र कंपनीचा, म्हणजे आमचाही. आणि बुडवणारे कोण? त्यांचे भाचे, मेहुणे, व्याही. गाभा त्यांना, चोथा आम्हाला.

मी नातेवाइकांच्या कर्जाचे कागद मागितले. हिशोबनिसानं बिनधास्त दिले. प्रत्येक कागदावर मायचं नाव होतं आणि नावाखाली अंगठा.

माय सही करते. संस्थेत आली त्या वर्षी ती सही करायला शिकली. वाकडी आहे, पण सही आहे.

"हा अंगठा कुणाचा?" मी विचारलं.

आबांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "तुझ्या बापाचा. कोयत्याचा अंगठा नवराच देतो. तुला रीत ठावं न्हाई व्हय?"

"पुन्हा एकदा सांगा. साहेबांना ऐकू येईल असं."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. साहेबाचं हसू गेलं. मी मायला हाताला धरून उठवलं आणि आम्ही निघालो. हिस्सा देऊन टाकायच्या कागदावर सही केली नाही.

घरी बाप ओसरीवर बसला होता. मी विचारल्यावर मान खाली घातली. "आबांनी बोलावलं. चहा पाजला. मला वाटलं, रीत हाय." मग हळूच म्हणाला, "पोरी, तू हे कोर्टात न्हेशील. लोक थुकतील मला."

तो वाईट माणूस नाही. त्याच्या पाठीवर माझं शिक्षण झालं आहे. आबांना गाडायचं तर आधी माझ्या बापाचा अंगठा चारचौघांत उघडा करावा लागणार होता. मी मायकडं पाहिलं.

माय म्हणाली, "ने. तो अंगठा लई वर्षं माझ्या गळ्यावर हाय."

उद्या तक्रारीचा कागद जातो आहे. बँकेला, कोर्टाला, दोन्हीकडं. हिश्श्याची किंमत मी शून्य लिहिलेली नाही, लिहिणार नाही. बुडालेली कर्जं आबांच्या सत्तरातून वजा होतील आणि मी हिशोब मांडून पाहिला आहे: त्यात त्यांचा हिस्सा आमच्या तिसांच्याही खाली जातो.

लोक सांगतात, माफ कर, मोठा माणूस आहे. मला माफ करायचं नाही. मला त्यांना लहान झालेलं बघायचं आहे. पुढची मीटिंग शिरूरला घेईन, आमच्या संस्थेत, सगळ्या बायका बोलावून. खुर्चीवर माय बसेल. आबा आले की त्यांना पाणी देईन, अर्धा पेला. मग त्यांचा हिस्सा उतरवल्याचा कागद पुढं करीन आणि सही त्यांची स्वतःची घेईन.