डक्टमधून ओढलेली केबल

फिनेलचा वास आला की अंबरनाथची ती तीन मजली इमारत आठवते. नव्वदच्या दशकात तिथे राहणारे कारखान्यातले एक साहेब हौशी रेडिओवाले होते, बिनतारी सेटवरून दूरदूरच्या लोकांशी बोलायचे. त्यांचा सेट गच्चीवर टाकीशेजारी आणि कॉम्प्युटर पहिल्या मजल्यावर. घरात बसून सेट चालवायचा, तर सेट कॉम्प्युटरला जोडणारी लांबलचक सिरीयल केबल टाकायला हवी होती. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा नुकताच संपवला होता, म्हणून हौसेने ते काम घेतलं. उल्हासनगरहून केबल आणली आणि संडासाच्या पाइपांना धरत इमारतीमागच्या अरुंद डक्टमध्ये उतरलो. पाइप गळत होते, खाली उंदीर सडले होते, त्यावर संडासातल्या फिनेलचा वास; काळं पाणी मानेवरून पाठीत गेलं, दोनदा ओकलो. केबल इतकी लांब, की पडद्यावर भलतीच अक्षरं यायला लागली. मी डेटाचा वेग उतरवला, तेव्हा कुठे सेटची फ्रिक्वेन्सी स्वच्छ उमटली. साहेब खूश होऊन म्हणाले, "तुम्हा लोकांना असल्या घाणीची सवय असते, म्हणून जमलं." माझं आडनाव त्यांना ठाऊक होतं. साहेबांच्या बायकोने त्यांना कपबशीतून चहा दिला, मला खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. मी तो संपवला, कप स्वतः विसळला आणि वर "थँक्यू सर" म्हणालो. आज मलाही लोक सर म्हणतात, पण ते दोन शब्द आठवले की माझीच मला किळस येते.