सूर्यभानच्या नावाच्या पाच कॉप्या

अकोटच्या एका जिनिंगमध्ये सूर्यभान कम्प्युटर बघायचा. बघायचाच; त्यानं दुरुस्त केलेला कुणी पाहिला नव्हता. माउसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटे. काळा स्क्रीन उघडायचा, कमांड टाकायची आणि मागे कोण उभं आहे ते तिरप्या डोळ्यानं बघायचं, हा त्याचा धंदा. वजनकाट्यावर बसणाऱ्या चंदाच्या त्याला पाहूनच मस्तकात तिडीक जायची.

कापसाच्या गाड्यांचा काटा याच कम्प्युटरवर चाले. सिस्टीम नीट चालू असताना तिची कॉपी जपायची आणि बिघडलीच तर मशीन सुरू होताना त्या कॉपीचं नाव निवडायचं, ही सोय काटा बसवणाऱ्यानं करून ठेवली होती. त्याच्या कॉपीचं नाव ‘जुना काटा’. शहाणा माणूस बदल करण्याआधी कॉपी ठेवतो. हे दिवटे बदल करून मग ठेवायचे, नाव द्यायचे ‘सूर्यभान-१’, ‘सूर्यभान-२’. मशीन रात्रंदिवस चालूच असायचं; ते एकदा बंद करून पुन्हा नीट चालू होतं का ते बघायची तसदीही नाही.

सोमवारी त्यानं ‘जुना काटा’ पुसायला घेतला.

“राहू द्या ना भाऊ, काहून काढता?” चंदा म्हणाली.

“तुले काय समजते त्यातलं? कचरा हाये तो.” आणि पुसलाही.

मंगळवारी लाइट गेली. आली तेव्हा मशीन सुरू झालं, पण काटा आकडाच दाखवेना. गेटबाहेर गाड्यांची रांग लागली. मालक उत्तमराव धावत आले.

“या पोरीनंच काईतरी दाबलं असन,” सूर्यभान म्हणाला. लाज कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“असं असन तर चंदा, उद्यापासून येऊ नको.”

घर तिच्याच पगारावर चालत होतं. चंदाचा आवाज चढला. “मी काईच दाबलं नाई, मालक! यायले म्हना, जपलेली कॉपी लावा. पाच-पाच हायेत.”

सूर्यभाननं ‘सूर्यभान-५’ लावली. काटा मुकाच. मग चौथी, तिसरी. पहिलीपर्यंत आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

दर्यापूरहून कापूस घेऊन आलेले नत्थुजी खिडकीतून सगळं बघत होते. “अरे बावा, पाचही तुह्याच नावाच्या! चालनारी एकही नाई काय?”

“होती,” चंदा म्हणाली. “यायनं काल पुसली. माह्यासमोर.”

सूर्यभान पुन्हा ‘सूर्यभान-५’ लावू लागला.

“ऊठ,” उत्तमराव म्हणाले.

चंदा स्टुलावरून उठू लागली.

“तू नाई वं. हा.”